दुधाच्या हिशेबात वासरू कुठे?

गाईच्या दुधाला दर किती मिळतो, अनुदान किती आणि ते खात्यावर कधी जमा होते, हे अहिल्यानगर जिल्ह्यात घराघरांतले विषय आहेत. २०२३ च्या अखेरीस दर घसरला, तेव्हा शेतकऱ्यांनी रस्त्यावर दूध ओतले. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर केले. ऑक्टोबर २०२४ पासून ते ७ रुपये झाले आणि संघांनी किमान २८ रुपये दर द्यावा असे ठरले. या साऱ्या चर्चेत फॅट असते, एसएनएफ असते, पेंडीचा भाव आणि चाऱ्याची टंचाई असते. दोन-अडीच वर्षांनंतरचे दूध ज्याच्यावर अवलंबून आहे, ते वासरू मात्र त्यात कुठेच नसते.

मी माणसांचा डॉक्टर आहे, पशुवैद्यक नाही. तरीही या विषयावर लिहावेसे वाटते, कारण तिसगाव, पाथर्डी, शेवगाव या पट्ट्यातून सरकारी रुग्णालयात येणाऱ्या बहुतेक कुटुंबांच्या घरी एक-दोन तरी संकरित गाई असतात. घरातला दवाखान्याचा खर्च पुष्कळदा दुधाच्या पगारातूनच होतो. दुसरे कारण वैद्यकशास्त्राचे आहे. जन्माच्या वेळचे वजन, पहिल्या तासातले आईचे दूध, नाळेची स्वच्छता, जुलाबावर क्षार-पाणी आणि दरमहा वजन या पाच गोष्टींनी आपल्याकडच्या बालकांचे मृत्यू कमी झाले. वासराच्या वाढीवर परिणाम करणारे घटक जवळपास हेच आहेत. फरक एवढाच की वासराला चूक सुधारायला बाळापेक्षा फार कमी वेळ मिळतो.

संकराने काय बदलले

मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला 'बाएफ'ची स्थापना केली. पुढच्या दशकांत गोठवलेल्या रेतमात्रा खेड्यापाड्यांत पोहोचल्या. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन फ्रिजियन ५० टक्के, जर्सी २५ टक्के आणि गीर २५ टक्के अशा रक्ताची 'फुले त्रिवेणी' गाय तयार केली. दूध विदेशी गाईचे आणि काटकपणा गीरचा, असा तो विचार होता. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील विदेशी व संकरित गोवंश पाच कोटींच्या पुढे गेला. आधीच्या गणनेपेक्षा ही वाढ सुमारे २७ टक्के होती. त्याच काळात देशी गोवंश ६ टक्क्यांनी घटला.

या बदलात एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. देशी गाय वासरू तोंडाशी असल्याशिवाय सहसा पान्हा सोडत नाही. वासरू मेले तर गाय आटण्याची भीती असे, म्हणून वासरू जगवणे ही मालकाची गरज होती. आधी वासराला पाजायचे, मग धार काढायची आणि शेवटी एखादे सड त्याच्यासाठी ठेवायचे, अशी घराघरांतली रीत होती. संकरित गाय वासराविना दूध देते, यंत्रालाही देते. त्यामुळे वासरू जगले काय आणि गेले काय, आजच्या कॅनमधले दूध तेवढेच राहते. उलट त्याने प्यायलेला प्रत्येक लिटर आजच्या पगारातून वजा होतो. ज्या गोष्टीने वासराला संरक्षण दिले होते, ती गोष्टच संकराबरोबर निघून गेली. संकरित वासराच्या संगोपनाचा प्रश्न इथून सुरू होतो.

जन्माआधीचे दोन महिने

कृषी विद्यापीठांच्या कळपांवर जन्मवजनाचे जे अभ्यास होतात, त्यांत काही घटक नेहमी तपासले जातात: वासरू नर की मादी, गाईचे वेत कितवे, जन्माचा ऋतू कोणता आणि विदेशी रक्ताचे प्रमाण किती. साधारणपणे गोऱ्हा कालवडीपेक्षा थोडा जड असतो आणि पहिलारू गाईचे वासरू हलके असते. यातले वेत आणि लिंग आपल्या हातात नाही. हातात आहे ते गाभण गाईचे खाणे आणि तिची विश्रांती.

गर्भाची बरीचशी वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. म्हणून विण्याआधी साधारण ६० दिवस गाय आटवावी लागते. या भाकड काळात कास दुरुस्त होते, चीक तयार होतो आणि गाईने खाल्लेले वासराच्या वाट्याला येते. दर कमी असला की शेवटच्या महिन्यापर्यंत धार काढण्याचा मोह होतो. त्याच वेळी दूध देत नाही म्हणून भाकड गाईची पेंड आधी बंद होते. म्हणजे ज्या काळात तिला चांगले खायला हवे, नेमक्या त्याच काळात तिचे खाणे कमी होते.

माणसांतला याचा दाखला आपल्याजवळच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत होत्या, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती. केवळ पोट भरणे पुरेसे नाही, त्यात काय आहे हे महत्त्वाचे, असा त्याचा अर्थ. पाथर्डीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात हीच अडचण गाईची होते. कोरड्या महिन्यांत कडबा आणि उसाच्या वाढ्यांवर दिवस काढावे लागतात. कडब्याने पोट भरते, पण त्यात जीवनसत्त्व 'अ' तयार करणारे घटक जवळजवळ नसतात. वाढ्यांतले ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते. मग वासरू अशक्त जन्मते आणि चीकही निकस निघतो. २०१९ च्या दुष्काळात या भागात चारा छावण्या उघडल्या आणि त्यांनी जनावरे जगवली. पण जगण्यापुरता चारा आणि गर्भ वाढवण्यापुरता चारा यांत अंतर असते. त्यामुळे मुरघासाची पिशवी किंवा दोन गुंठे घास असेल, तर त्यावर पहिला हक्क शेवटच्या दोन महिन्यांतल्या गाभण गाईचा असावा.

उन्हाळ्याचाही हिशेब आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले आहे की भाकड काळात उष्णतेचा ताण सोसलेल्या गाईंची वासरे हलकी जन्मतात, चिकातली संरक्षक द्रव्ये कमी शोषतात आणि मोठेपणी दूधही कमी देतात. दूध देणाऱ्या गाईसाठी पंखा आणि फॉगर लावणारे शेतकरी आता दिसतात, पण भाकड गाय बहुधा पत्र्याखालीच उभी असते. पत्र्यावर पाचट टाकणे आणि तिला झाडाची सावली देणे एवढे तरी करता येते.

पहिले सहा तास

मानवी बाळाला आईची प्रतिपिंडे, म्हणजे कोविडच्या काळात सर्वांना माहीत झालेल्या अँटिबॉडी, वारेतून गर्भातच मिळतात. त्या बळावर बाळ पहिले काही महिने काढते. गाईच्या वारेची रचना वेगळी आहे. तिच्यातून प्रतिपिंडे पलीकडे जात नाहीत, म्हणून वासरू जवळपास निःशस्त्र जन्मते. त्याचे सारे संरक्षण चिकात असते.

हा चीक किती द्यायचा यापेक्षा कधी द्यायचा हे जास्त महत्त्वाचे आहे. जन्मल्यानंतर काही तास वासराच्या आतड्याचे अस्तर ही मोठ्या आकाराची प्रतिपिंडे जशीच्या तशी रक्तात घेते. ही क्षमता जन्मतः सर्वांत जास्त असते, सहा तासांत बरीच घटते आणि २४ तासांत संपते. पहाटे जन्मलेल्या वासराला 'आधी वार पडू दे' म्हणून दुपारी चीक पाजला, तर पोट भरेल, पण संरक्षण अर्धेमुर्धेच मिळेल. वार पडण्याची वाट पाहण्याला शास्त्रीय आधार नाही. उलट वासराच्या पिण्याने गाईच्या शरीरात जो स्राव होतो, तो गर्भाशय आकुंचन पावायला मदतच करतो. प्रसूती झालेल्या आईला आम्ही तासाभरात बाळ छातीला लावायला सांगतो, त्यामागेही हेच एक कारण आहे.

अंदाजे ३० किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत दोन ते अडीच लिटर आणि पहिल्या बारा तासांत मिळून तीन ते चार लिटर चीक मिळायला हवा. तो शक्यतो मोजून, स्वच्छ बाटलीने पाजावा. आईला लावून सोडले तर वासरू किती प्यायले ते कळत नाही, आणि अडलेल्या बाळंतपणातून आलेले थकलेले वासरू स्वतःहून पुरेसे पीतच नाही. चिकाचा कस मोजायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. द्राक्षातली साखर पाहायला बागायतदार जे ब्रिक्स मोजणारे यंत्र वापरतात, त्याच यंत्रावर चिकाचा एक थेंब ठेवावा. आकडा २२ च्या वर आला तर चीक उत्तम.

इथे खरवसाचा विषय येतोच. गाय व्याली की शेजारीपाजारी चीक वाटणे ही आपली रीत आहे आणि ती सुंदर आहे. तिला धक्का लावायचे कारण नाही. संकरित गाय पहिल्या धारेला वासराच्या गरजेपेक्षा बहुधा जास्तच चीक देते. एवढेच पाळायचे की पहिल्या दिवशीचा चीक आधी वासराचा आणि उरला तर खरवसाचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या चिकाचाही खरवस होतोच.

नाळ, हगवण आणि साखर

तुटलेली ओली नाळ जंतूंना पोटात शिरायला मोकळी वाट देते. नवजात बाळाच्या नाळेला शेण-राख लावण्याची चाल आपल्याकडे होती आणि त्यातून धनुर्वाताने हजारो बाळे दगावली. स्वच्छ प्रसूती आणि लसीकरण यांमुळे २०१५ मध्ये माता व नवजात धनुर्वात निर्मूलनाचा टप्पा भारताने गाठला. वासराच्या नाळेकडे मात्र अजून फारसे कुणी पाहत नाही. सांधे सुजलेले, लंगडणारे, वाढ खुंटलेले महिन्याचे वासरू दिसले की त्याची सुरुवात अनेकदा नाळेत झालेली असते. उपाय साधा आहे. जन्मल्याबरोबर नाळ टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवायची, नाळ सुकेपर्यंत दोन-तीन दिवस हेच पुन्हा करायचे आणि वासराला कोरड्या जागी ठेवायचे.

पहिल्या महिन्यातला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हगवण. ई-कोलाय, रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम आणि पुढच्या आठवड्यांत रक्ती हगवण करणारा कॉक्सिडिया अशी तिची अनेक कारणे आहेत, पण मृत्यू बहुधा शरीरातले पाणी आणि क्षार गेल्याने होतो. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज आणि मिठाचे पाणी तोंडाने पाजून मृत्यू झपाट्याने खाली आणले. तेच शास्त्र वासरालाही लागू आहे. एक फरक मात्र प्रत्येक गोठ्यात माहीत असायला हवा. बाळासाठी आपण घरी मीठ-साखरेचे पाणी करतो, ते वासराला उपयोगी पडत नाही. स्वयंपाकघरातली साखर पचवणारे विकर वासराच्या आतड्यात नसते. न पचलेल्या साखरेने हगवण उलट वाढू शकते. त्याला ग्लुकोजच लागते. जनावरांसाठीची क्षारपावडर मिळते, आणि ती हाताशी नसेल तर डॉक्टर येईपर्यंत ओआरएसचे पाकीट चालते, कारण त्यात ग्लुकोज असते. भाताची पेज, भाकरीचा काला हेही लहान वासराला पचत नाही.

हगवणीत दूध तोडणे ही दुसरी घातक समजूत. दूध थोडे थोडे करून चालू ठेवायचे आणि मधल्या वेळांत क्षार-पाणी द्यायचे. डोळे खोल गेले, मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर तशीच उभी राहिली, वासरू चोखेनासे किंवा उठेनासे झाले, तर सलाइन लागते. अशा वेळी पशुवैद्यकांना किंवा १९६२ या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा.

याशिवाय संकरित वासरांवर दोन संकटे विशेष येतात. एक गोचीड तापाचे. थायलेरिया या रक्तातल्या परजीवीला देशी जनावरे बऱ्यापैकी तोंड देतात, संकरित वासरे मात्र त्याला सहज बळी पडतात. दुसरे लम्पी त्वचारोगाचे. २०२२ च्या साथीनंतर मोठ्या गाईंचे लसीकरण झाले, पण २०२३ मध्ये रोगाने पुन्हा डोके वर काढले तेव्हा लहान वासरांना त्याचा त्रास अधिक झाला. दोन्ही रोग चावणाऱ्या कीटक-गोचिडांमार्फत पसरतात. म्हणून गोठ्याच्या भेगा, शेणाचा ढीग आणि साचलेले पाणी यांचा वासराच्या वजनाशी थेट संबंध आहे.

किती दूध, कधीपर्यंत

वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके दूध द्या, हा जुना नियम. ३० किलोच्या वासराला त्याने तीन लिटर मिळतात. एवढ्या दुधात ते जगते आणि थोडे वाढते. आजारी पडले किंवा थंडी पडली की वाढीसाठी काही उरत नाही. नगर-पाथर्डीकडे पौष-माघात पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली जातो. अशा वेळी ओल्या फरशीवर बांधलेल्या वासराचे बरेचसे दूध अंग गरम ठेवण्यात खर्च होते. अंथरायला कोरडा भुसा किंवा पाचट, अंगावर गोणपाट आणि थंडीत अर्धा लिटर जास्त दूध, एवढ्यानेही फरक पडतो. ऊसतोडीच्या हंगामात कर्ती माणसे कारखान्यावर गेलेली असतात, तेव्हा ज्या घरी गोठा आजी-आजोबांकडे असतो, तिथे हिवाळ्यातल्या वासरांची विशेष काळजी घ्यावी लागते.

चांगल्या संकरित वासराने या काळात दिवसाला ४०० ते ५०० ग्रॅम वाढावे. २८ किलोचे वासरू रोज ४५० ग्रॅम वाढले तर दोन महिन्यांत त्याचे वजन दुप्पट होते. २५० ग्रॅमने वाढले तर त्याच वजनाला जवळपास चार महिने लागतात. मानवी बाळाचे वजन पाचव्या महिन्यात दुप्पट होते, यावरून वासराच्या वाढीचा वेग आणि त्याची भूक लक्षात यावी.

दूध तोडण्याची वेळ वयावरून ठरवू नये. जन्मतः वासराचे रवंथीचे कोटीपोट नावापुरतेच असते. दूध सरळ चौथ्या कप्प्यात जाते. कोटीपोट वाढते ते धान्याच्या भरड्यामुळे, कारण तो आंबून तयार होणारी आम्ले त्या अस्तराला वाढायला लावतात. नुसत्या दुधाने ते वाढत नाही आणि नुसत्या कडब्यानेही नाही. म्हणून पहिल्या आठवड्यापासून मूठभर काफ स्टार्टर आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून स्वच्छ पाणी पुढे ठेवावे. पाणी न मिळालेले वासरू खुराक खात नाही, ही साधी गोष्ट अनेक गोठ्यांत राहून जाते. वासरू सलग तीन दिवस पाऊण ते एक किलो स्टार्टर खाऊ लागले की दूध हळूहळू कमी करावे.

काटकसर की तोटा?

आता रोजचे दोन लिटर वाचवण्याचा हिशेब मांडू. साठ दिवसांत १२० लिटर वाचतात. ३० रुपये दराने ३,६०० रुपये होतात. दर पडलेला असताना ही रक्कम लहान नाही, आणि असा विचार करणारा शेतकरी अडाणीही नाही. पण ही बचत पुढे कशी फिरते ते पाहा.

संकरित कालवड साधारण २५० किलोची झाली की भरवण्याजोगी होते. माज वयापेक्षा वजनावर अवलंबून असतो. २८ किलोपासून २५० किलोपर्यंत रोज सरासरी ५०० ग्रॅमने पोहोचायला सुमारे १५ महिने लागतात, ३५० ग्रॅमने २१ महिने. म्हणजे सहा महिने जास्त. कालवडीचा रोजचा खर्च ८० रुपये धरला तरी या सहा महिन्यांचे १५ हजारांच्या आसपास होतात, आणि तेवढे महिने दूधही पुढे जाते. ही सगळी तूट पहिल्या तीन महिन्यांतच होते असे नाही. पण हगवणीने आणि उपासमारीने सुरुवातीला मागे पडलेले वासरू पुढेही मागेच राहण्याचा धोका मोठा असतो.

कॉर्नेल विद्यापीठाच्या कळपाचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याहून पुढे जातो. दूध तोडण्यापूर्वी दिवसाची वाढ एक किलोने अधिक असेल तर त्या गाईने पहिल्या वेतात सुमारे ८५० किलो दूध जास्त दिले. म्हणजे रोजच्या १०० ग्रॅम जास्त वाढीमागे ८५ किलो. त्या अमेरिकी होल्स्टीन गाई होत्या, आपल्या गोठ्यात आकडा तोच येईल असे मानू नये. दिशा मात्र तीच राहील. बालपणीचे पोषण शरीराची पुढची क्षमता ठरवते, हे माणसांत आपण पहिल्या हजार दिवसांच्या रूपाने मान्य केलेच आहे.

गोऱ्ह्याचे काय, हा अवघड प्रश्न आहे. ट्रॅक्टर आल्यावर संकरित गोऱ्ह्याला काम उरले नाही आणि राज्यात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे अनेक गोऱ्हे चिकाविना, दुधाविना हळूहळू मरतात. कुणी मारत नाही आणि कुणी जगवतही नाही. लिंगनिर्धारित रेतमात्रेने साधारण ९० टक्के कालवडी होतात. तिने हा प्रश्न पुढे कमी होईल, मात्र गर्भधारणेचे प्रमाण थोडे कमी राहते. पण कालवडीच जन्मू लागल्या म्हणून त्या चांगल्या वाढतील असे नाही. महागड्या रेतमात्रेची कालवड दीड लिटर दुधावर ठेवणे म्हणजे सुधारित बियाणे पेरून पाणी न देणे.

हा माणसांच्याही आरोग्याचा प्रश्न आहे

वासराची हगवण गोठ्यात थांबत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम आणि साल्मोनेला माणसांत येतात आणि वासराशी खेळणाऱ्या लहान मुलांना आधी गाठतात. वासराला हात लावल्यावर साबणाने हात धुणे हा त्यावरचा सोपा उपाय. गाय गाभडली किंवा अडली तेव्हा उघड्या हातांनी ओढणाऱ्यांना ब्रुसेलोसिसचा ताप येऊ शकतो. आठवडेच्या आठवडे येणारा ताप, घाम आणि सांधेदुखी घेऊन रुग्ण येतो, तेव्हा डॉक्टरांनी गोठ्याविषयी विचारायला हवे आणि रुग्णानेही आपणहून सांगायला हवे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदा दिली जाते. ती चुकवू नये.

प्रतिजैविकांचाही मुद्दा आहे. हगवणीच्या प्रत्येक वासराला इंजेक्शन टोचणे आणि कासदाहावर औषध चालू असलेल्या गाईचे न विकता येणारे दूध वासराला पाजणे, या दोन सवयींनी औषधांना दाद न देणारे जंतू गोठ्यात तयार होतात. तेच पुढे रुग्णालयात आमच्यासमोर येतात.

काय करता येईल?

अनुदानासाठी गाईच्या कानात बिल्ला आणि ऑनलाइन नोंद हवी, ही अट सरकारने घातलीच होती. म्हणजे नोंदीची यंत्रणा तयार आहे. त्यात वासराचा जन्म आणि नव्वदाव्या दिवसाचे वजन ही दोन घरे वाढवावीत आणि चांगल्या वाढलेल्या कालवडीमागे अनुदानाचा छोटा हिस्सा द्यावा. सरकारने अनुदान दिले तेही फक्त लिटरला, म्हणून शेतकरीही फक्त लिटरचाच विचार करतो.

दूध संकलन केंद्रांवर चिकाची पेढी सहज होऊ शकते. निरोगी, तपासलेल्या गाईंचा जादा चीक एक-एक लिटरच्या पिशव्यांत गोठवून ठेवला तर वर्षभर टिकतो. ज्याची गाय विताना दगावली किंवा जिला चीकच नाही, त्याला तो कोमट पाण्यात वितळवून देता येईल. उकळायचा मात्र नाही, कारण उकळल्याने प्रतिपिंडे नष्ट होतात.

आणि घरी एक टेप असू द्या. पुढच्या पायांमागचा छातीचा घेर आणि खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि १०,८४० ने भागा. घेर ८० आणि लांबी ७० असेल तर वजन सुमारे ४१ किलो येते. आकडा अगदी अचूक नसतो. पण एकाच माणसाने दर पंधरा दिवसांनी मोजून गोठ्याच्या भिंतीवर लिहिला, तर वाढ थांबली आहे हे डोळ्यांना दिसण्याआधी कळते. अंगणवाडीतल्या वजनाच्या तक्त्याने गेली कित्येक वर्षे हेच काम केले आहे.

गोठ्यातले हे काम बहुतेक घरांत बाईच करते, तर दुधाचे खाते आणि प्रशिक्षणाचे निमंत्रण पुरुषाच्या नावावर येते. वासरांविषयीचे प्रशिक्षण घ्यायचे असेल, तर ते दुपारच्या मोकळ्या वेळेत, गावातच आणि वासराला बाटली धरणाऱ्या त्या हातांसाठी घ्यावे. दुधाचा दर मुंबईत ठरतो, त्यावर आपला ताबा थोडा आहे. वासराचे पहिले सहा तास आणि पहिले तीन महिने मात्र पूर्णपणे आपल्या गोठ्यात घडतात.